पानावरचं मेण आणि जमिनीतलं तेल

पावसाळ्यात सूर्यमाळच्या पठारावर पाणथळ जागी उगवलेल्या रानअळूच्या पानाकडे पाहिलं, तर थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळताना दिसतो. पान मात्र कोरडंच. ‘अळवावरचं पाणी’ हे शब्द आपण टिकाव नसलेल्या गोष्टीसाठी वापरतो. पानाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट उलट आहे, कारण तिथे टिकाऊ असं काहीतरी आहे म्हणूनच पाणी ठरत नाही. ते म्हणजे मेणाचा पातळ थर. अळूवर तो उठून दिसतो, पण करवंद, जांभूळ, ऐन, साग अशा प्रत्येक झाडाच्या पानावर तो कमीजास्त असतोच. पानातलं पाणी उन्हाने उडून जाऊ नये, यासाठी झाडाने केलेली ती सोय आहे.

या मेणात इतर घटकांबरोबर कार्बन आणि हायड्रोजनच्या सरळ, लांब साखळ्या असतात. एका साखळीत साधारण २५ ते ३३ कार्बन अणू. आपण जाळतो ती मेणबत्ती आणि जीपच्या टाकीतलं डिझेल हेही याच घराण्यातले. डिझेलच्या साखळ्या आखूड, म्हणून ते पातळ. मेणाच्या लांब, म्हणून ते घट्ट. या सगळ्यांना मिळून हायड्रोकार्बन म्हणतात.

आता एक साधा हिशेब. मोखाडा-जव्हारच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात पानगळ होते. पानाबरोबर मेणही जमिनीवर येतं. हे हजारो वर्षं चालू आहे. ते मेण कुणी संपवत नसतं, तर एव्हाना जंगलातल्या जमिनीवर मेणाचा थर साचला असता आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरलंच नसतं. तसं होत नाही, कारण त्या पालापाचोळ्याखाली हे मेण खाऊन जगणारे जीवाणू आणि बुरश्या आहेत. वणव्याच्या आणि राबाच्या धुरात, काजळीत वेगळ्या प्रकारचे, कड्यांसारखी रचना असलेले हायड्रोकार्बन तयार होतात. तेही शेवटी मातीतच पडतात आणि त्यांनाही गिऱ्हाईक आहे. माणसाने खनिज तेल उपसायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीपासून तेल खाण्याचं कसब मातीत आहे ते असं. बाटलीत भरून विकल्या जाणाऱ्या ‘तेलखाऊ जीवाणूं’च्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या जीवाणूंचे चुलत-मावस भाऊ आपल्या अंगणातही असतात.

प्रश्न इतकाच, की पानावरचं चिमूटभर मेण खाणाऱ्याच्या पुढ्यात आपण एकदम पाच लिटर डिझेल ओतलं तर काय होतं?

असं ओतलं जाण्याचे प्रसंग डोंगराळ भागात कमी नाहीत. घाटात गाडीचं चेंबर फुटतं. पाण्याच्या पंपाला, जनरेटरला, जेसीबीला कॅनमधून डिझेल भरताना ते सांडतं. पण या सगळ्यापेक्षा नेहमीचं आणि म्हणूनच जास्त काळजीचं आहे ते जळकं ऑइल. इंजिनातून बदलून काढलेलं हे काळं तेल तालुक्याच्या गावात सहज मिळतं, स्वस्त मिळतं आणि फुकट गेलं असं वाटू नये म्हणून कशालाही वापरलं जातं. वाळवी लागू नये म्हणून घराच्या खांबांना, कुंपणाच्या मेढींना ते फासतात. सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात. उरलेलं गॅरेजच्या मागे, उताराकडे ओततात. तेल बदलल्यावर निघालेलं एका गाडीचं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी बिघडवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था आपल्या माहितीपत्रकांत सांगत आली आहे. आकडा धक्का बसावा म्हणून निवडलेला असेल, पण त्यामागचं कारण खरं आहे. पाण्याला तेलाची चव आणि वास यायला तेल फार थोडं पुरतं.

सूर्यमाळसारख्या जागी हे अधिक नाजूक आहे. इथे खाली काळा बेसाल्ट खडक आणि त्यावर बऱ्याच ठिकाणी मातीचा जेमतेम थर. सांडलेलं तेल मातीला चिकटून राहिलं तर ठीक. पण उतारावर, पहिल्याच जोरदार सरीत, ते मातीतून निसटून खडकाच्या भेगांत शिरतं, आणि याच भेगांतून झरे आणि विहिरी भरतात. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था असते, ते नव्याने सांगायला नको. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यातल्या कोचाळ्याला आहे. २०१४ मध्ये ते सुरू झालं. तरीही एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अशा गावात एक विहीर तेलाने बिघडणं म्हणजे दुसरी शोधणं नव्हे. बहुतेक वेळा दुसरी नसतेच.

आरोग्याच्या दृष्टीने तेलाचे अपाय दोन प्रकारचे. पहिला लगेच दिसणारा. नळीने डिझेल ओढून काढताना तोंडात जातं, ठसका लागतो आणि ते श्वासनलिकेत उतरतं. त्याने फुप्फुसाला जी सूज येते ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी उलटी करवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण वर येताना तेल पुन्हा श्वासनलिकेत जातं. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचं. दुसरा अपाय सावकाश होणारा. पेट्रोलमधलं बेंझिन रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला घातक आहे आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या उष्णतेत तयार झालेली बहुकडी संयुगं साचत जातात. म्हणून नवं ऑइल आणि जळकं ऑइल यांना एका मापात मोजता येत नाही. त्वचेला खनिज तेल वर्षानुवर्षं लागत राहिलं तर काय होतं, याचा धडा इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापडगिरण्यांनी दिला आहे. तिथल्या सूत कातणाऱ्या कामगारांच्या कपड्यांवर यंत्राचं तेल उडत असे आणि त्यांच्यात वृषणाच्या त्वचेचा कर्करोग इतका आढळू लागला की तो त्या धंद्याच्या नावानेच ओळखला जाई. हातापायांना जळकं ऑइल लावून काम करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

पुन्हा मातीकडे येऊ.

जीवाणूपुढची पहिली अडचण आपली स्वयंपाकघरातलीच आहे. तेल पाण्यात मिसळत नाही आणि जीवाणू राहतो तो मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यात. म्हणून काही जाती, विशेषतः स्यूडोमोनास, स्वतःचा साबण तयार करतात. रिठा पाण्यात चोळला की फेस येतो आणि तेलकटपणा सुटतो, तसंच हे. तेलाचे बारीक थेंब झाले की त्यांचा पृष्ठभाग वाढतो आणि जीवाणूला चिकटायला जागा मिळते. त्यानंतर त्याच्याकडचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक अणू बसवतं. रासायनिकदृष्ट्या हीच सगळ्यात अवघड पायरी. कारण हायड्रोकार्बनची साखळी फार आळशी असते, सहजासहजी कशाशी जोडली जात नाही. एकदा तो अणू बसला की साखळीचं आधी अल्कोहोल होतं, मग पुढे स्निग्धाम्ल. आणि स्निग्धाम्ल म्हणजे तर ओळखीचा खाऊ. शेंगदाण्याचं तेल खाल्ल्यावर आपलं शरीर जे करतं तेच जीवाणू करतो. दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत जातो. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जीवाणूंची वाढलेली प्रजा. कड्यांची रचना असलेल्या संयुगांवर दोन अणू एकदम बसवून आधी कडी फोडावी लागते. तिला वेळ जास्त लागतो. चार-पाच कड्यांची संयुगं तर फार थोड्या जातींना पचतात. डांबरासारखा जो शेवटचा गाळ, त्याला बहुतेक जण हातच लावत नाहीत. आपल्या रस्त्यांचं डांबर टिकतं ते (टिकतं तेव्हा) त्यामुळेच.

ही सगळी भट्टी प्राणवायूवर चालते आणि इथे गणित करून पाहण्यासारखं आहे. पाच लिटर डिझेलचं वजन चार किलोच्या थोडं वर भरतं. ते पूर्ण जाळायला, मग ते इंजिनात असो वा जीवाणूच्या पोटात, वजनाच्या साधारण साडेतीनपट, म्हणजे चौदा-पंधरा किलो प्राणवायू लागतो. एवढा प्राणवायू सुमारे ५० घनमीटर हवेत असतो. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत मावते तेवढी ही हवा. डिझेलचा काही भाग जीवाणूंच्या शरीरात जातो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी पुरते. तरी खोलीभर हवा मातीच्या बारीक छिद्रांतून एका ठिपक्यापर्यंत पोचायची म्हणजे माती भुसभुशीत हवी आणि वेळ हवा. चिखलणी केलेल्या भातखाचरात, जिथे माती पाण्याने गच्च भरलेली असते, तिथे हवा पोचतच नाही. प्राणवायूशिवाय तेल खाणारे जीवाणूही आहेत, पण त्यांचं काम फारच संथ.

दुसरी गरज खताची. डिझेलमध्ये कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. नुसत्या भातावर माणूस जगत नाही, तसा नुसत्या तेलावर जीवाणू वाढत नाही. या कामात सहसा १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद असं प्रमाण धरतात. पाच लिटर डिझेलमध्ये साडेतीन किलोच्या आसपास कार्बन असतो. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम नत्र आणि ३५ ग्रॅम स्फुरद. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे झाला साधारण पाऊण किलो युरिया. तोही एकदम ओतायचा नाही. एकाच वेळी जास्त झाला तर जीवाणूंनाच बाधतो आणि पावसात वाहून विहिरीत नायट्रेट वाढवतो ते वेगळंच. शेणखताने दोन कामं होतात. थोडी पोषकद्रव्यं मिळतात आणि माती मोकळी राहते.

सूर्यमाळच्या ऋतुचक्रात हे बसवून पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. मे महिन्यात इथली माती इतकी सुकते की जीवाणू जवळजवळ झोपलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओल भरपूर, पण हवा नाही, आणि तेल वाहून जाण्याचा धोका सगळ्यात मोठा. काम करायला खरा चांगला काळ पाऊस ओसरल्यानंतरचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती ओलसर असते, मोकळी असते आणि पठारावरची थंडी अजून पडलेली नसते.

जीवाणूंच्या या कसबाची जगभर चर्चा झाली ती एका भारतीय माणसामुळे आणि तीही प्रयोगशाळेपेक्षा कोर्टात जास्त. आनंदमोहन चक्रवर्ती हे बंगालमधल्या सैंथियाचे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की तेलाचे वेगवेगळे घटक खाण्याची क्षमता स्यूडोमोनासच्या वेगवेगळ्या वाणांत विखुरलेली आहे आणि ती प्लास्मिड नावाच्या, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असते. त्यांनी अशी चार प्लास्मिडं एका वाणात आणली आणि १९७२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. सजीवाचं पेटंट कसं देणार, म्हणून पेटंट कार्यालयाने नकार दिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. आजचा जैवतंत्रज्ञान उद्योग बऱ्याच अंशी त्या निकालावर उभा आहे. गंमत म्हणजे तो प्रसिद्ध जीवाणू समुद्रातलं तेल साफ करायला कधी सोडलाच गेला नाही. जनुकीय फेरफार केलेला जीव उघड्यावर सोडण्याची परवानगी तेव्हाही अवघड होती, आजही आहे. चक्रवर्ती २०२० मध्ये वारले.

प्रत्यक्ष मैदानात काय चालतं, हे कळलं ते अलास्कात. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं आणि सुमारे ३७ हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथे किनाऱ्यावर खत टाकण्याचा मोठा प्रयोग झाला. बाहेरून जीवाणू आणले नाहीत. नत्र-स्फुरद मिळाल्यावर तिथलेच जीवाणू वाढले आणि खत न टाकलेल्या पट्ट्यांपेक्षा तिथे तेल ठळकपणे लवकर कुजलं. पण दगडगोट्यांखाली जिथे हवा आणि खत पोचलं नाही, तिथे कित्येक वर्षांनीही उकरल्यावर ताजं वाटावं असं तेल निघत राहिलं. एकाच किनाऱ्यावर उपाय यशस्वीही ठरला आणि तोकडाही पडला.

महाराष्ट्राला याचा अनुभव आला तो ७ ऑगस्ट २०१० रोजी. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका बाजूला कलली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि टाकीतलं इंधन तेल बाहेर येऊ लागलं. सुमारे आठशे टन तेल सांडल्याचे आकडे तेव्हा पुढे आले. काही कंटेनरमध्ये कीटकनाशकं होती, त्यामुळे घबराट आणखी वाढली. काही दिवस बंदराची वाहतूक बंद राहिली. मासळी घेऊ नका असं सांगितलं गेलं आणि ऐन नारळी पौर्णिमेच्या सुमारास, हंगाम सुरू होताना, कोळ्यांच्या टोपल्या पडून राहिल्या. तेलाचे तवंग उरण, घारापुरी, मांडवा, किहीमपर्यंत गेले. खाडीतल्या तिवरांच्या मुळांना काळा लेप बसला.

वाळूवरचं तेल फावड्याने गोळा करता येतं, तिवरांतलं नाही. तिवरांची मुळं श्वास घेण्यासाठी चिखलाच्या वर येतात आणि त्यांच्यावर तेल बसलं की झाड गुदमरतं. ते पुसायला माणसं आत उतरली तर त्यांच्या पायाखाली तेल चिखलात आणखी खोल दाबलं जातं. अशा ठिकाणी न ढवळता काम करणारा गडी हवा. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर त्या वेळी ‘ऑइलझॅपर’ वापरण्यात आलं. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेत डॉ. बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ते तयार केलं होतं. हे एकच जीवाणू नसून पाच वाणांचं मिश्रण आहे. सरळ साखळ्या एकाला आवडतात, कड्या दुसऱ्याला, असं काम वाटून दिलेलं. वाण निसर्गातून निवडलेले, जनुकीय फेरफार न केलेले. ते मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळून पिशव्यांत भरतात. साधारण तीन महिने ते टिकतं. म्हणजे पावडर आणून गोदामात ठेवली आणि दोन वर्षांनी तेल सांडलं तेव्हा काढली, असं चालत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आवारात आणि तेलक्षेत्रांत साचलेल्या तेलकट गाळावर हे मिश्रण मोठ्या प्रमाणात वापरलं गेलं आहे. त्या कामासाठी ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून २००७ मध्ये एक स्वतंत्र कंपनीच काढली.

गाळावर आणि किनाऱ्यावर वापरणं यात मोठा फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या आवारात प्लास्टिक अंथरून त्यावर गाळ पसरता येतो, तो आठवड्याला नांगरता येतो, पाणी-खत मोजून देता येतं, दर महिन्याला नमुना तपासता येतो. समुद्रकिनाऱ्यावर भरती दिवसातून दोनदा येते आणि पावडर, खत, तेल सगळं सोबत घेऊन जाते. ऑगस्टच्या उधाणाच्या समुद्रात किती तेल जीवाणूंनी खाल्लं, किती लाटांनी विरवलं आणि किती नुसतं दुसरीकडे गेलं, हे वेगळं काढून सांगणं कुणालाही कठीण आहे. जगभरच्या प्रयोगांतही बाहेरून जीवाणू आणण्यापेक्षा स्थानिक जीवाणूंना हवा आणि खत पुरवणं बऱ्याचदा तितकंच गुणकारी ठरलं आहे. बाहेरच्या जीवाणूंचा खरा उपयोग तेल फार जड असेल, खूप दाट साचलेलं असेल किंवा मातीत मुळातच जीव उरला नसेल तिथे होतो.

गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी येणारे डांबराचे गोळे याच गोष्टीचं दुसरं टोक दाखवतात. जहाजांतून सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून गेला, काही जीवाणूंनी खाल्ला, की उरतो तो हा चिकट गोळा. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अशा गोळ्यांवर वाढणारे जीवाणू आणि बुरश्या वेगळ्या करून अभ्यासल्या आहेत. मात्र गोळ्यावर राहणारे सगळेच पाहुणे उपकारक नसतात. २०१० मधल्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर तिथल्या गोळ्यांवर जखमेतून शिरून गंभीर आजार करणारा एक विब्रिओ जीवाणू समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येने सापडला होता. पायाला जखम असेल तर डांबराच्या गोळ्यांशी खेळू नये, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

जीवाणू काय करू शकत नाहीत, तेही सांगायला हवं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात. ते मूलद्रव्य आहेत, त्यांना कुणी खाऊन संपवू शकत नाही. तेल गेलं तरी ते मातीत राहतात. म्हणून जळक्या ऑइलच्या बाबतीत ‘जमिनीत ओता, जीवाणू बघून घेतील’ हा सल्ला चुकीचा आहे. कायद्याने ते घातक टाकाऊ पदार्थांत मोडतं आणि परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं असतं. तालुक्याच्या गॅरेजवाल्यांनी एक पिंप झाकण लावून, छपराखाली ठेवलं आणि गोळा करणाऱ्या अधिकृत गाडीची सोय झाली, तर पठारावरच्या तेलाचा मोठा भाग मातीत पडणारच नाही. हे काम जीवाणूचं नाही, पंचायतीचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे. वाळवीसाठी खांबाला फासलेलं ऑइलही पावसात थोडं थोडं निथळत राहतं. त्या खांबापासून विहीर, परसबाग आणि लहान मुलं किती लांब आहेत, ते पाहायला हवं.

डिझेल सांडलंच तर पहिल्या तासात काय केलं जातं, यावर पुढचं बरंच ठरतं. सहज सुचणारा उपाय म्हणजे पाणी मारून धुणं, आणि तोच सगळ्यात घातक. पाणी तेलाला खाली नेतं, साबणाचं पाणी तर अधिकच. त्याऐवजी आधी विडी-काडी, चूल लांब ठेवायची. उताराच्या बाजूला मातीचा छोटा बांध घालायचा. साचलेल्या तेलावर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा टाकायचा आणि तो भिजला की फावड्याने काढून झाकणाच्या डब्यात भरायचा. जाळायचा नाही. जास्त भिजलेली मातीही काढून जाड प्लास्टिकवर, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी पसरायची. वितभर जाडीचा थर, त्यात शेणखत आणि थोडा युरिया, मुठीत धरली तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही इतकी ओल, आणि आठवड्याला एकदा उलटापालट. हलकं डिझेल असेल तर काही आठवड्यांत वास ओसरू लागतो. पूर्ण बरी व्हायला मात्र काही महिने लागतात. विहीर किंवा झरा जवळ असेल, किंवा तेल कॅनभर नसून टँकरभर असेल, तर हे घरगुती उपाय नव्हेत. तहसील कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून माती-पाण्याची तपासणी करून घ्यायची.

विहिरीच्या पाण्याला तेलाचा वास आला तर ते उकळून पिण्याजोगं होत नाही. उकळताना निघणारी वाफ उलट घरातल्यांच्या श्वासात जाते. तुरटी फिरवून तेल बसत नाही आणि टीसीएल पावडर जंतू मारते, डिझेल नाही. अशी विहीर बंद ठेवून दुसरीकडून पाणी आणणं एवढाच मार्ग उरतो, मग टँकर बोलवावा लागला तरी.

माती बरी झाली की नाही, हे प्रयोगशाळा तेलाचं उरलेलं प्रमाण मोजून सांगते. गावातही एक खूण पाहता येते. अशी तपासणी शास्त्रज्ञही करतात, फक्त ते ती जास्त मोजून करतात. दोन डब्यांत माती भरायची, एकात ही सुधारलेली आणि दुसऱ्यात शेजारच्या न बिघडलेल्या शेतातली. दोन्हींत मुगाचे वीस-वीस दाणे पेरायचे आणि सारखं पाणी द्यायचं. आठवड्याने दोन्हींकडची रोपं मोजायची, उपटून मुळांची लांबी पाहायची. तेल शिल्लक असेल तर मूग एकतर उगवत नाही किंवा त्याचं मूळ आखूड, तपकिरी राहतं. तसं दिसलं तर माती पुन्हा पसरायची, शेणखत घालायचं आणि आणखी महिनाभर उलटीपालटी करायची. दोन्ही डब्यांतला मूग सारखा दिसला तरी पहिली एक-दोन वर्षं त्या जागी भाजी लावायची नाही, गवत वाढू द्यायचं. आणि प्रयोगातले मूग कोंबड्यांनाही घालायचे नाहीत.